भोंग्यापासून नळ जाईपर्यंत

"हात जोड," सर म्हणाले.

व्याख्यानाच्या हॉलमध्ये पुढे लाकडी मंच होता. मंचावर एक स्टूल. स्टुलावर एक बाई बसली होती. पन्नाशीही गाठली नव्हती, पण दिसत होती सत्तरीची. समोर चढत्या बाकांवर डॉक्टरकी शिकणारी पोरंपोरी, शंभर तरी असतील. तिचं लुगडं गुडघ्यांच्या वर सरकवून ठेवलं होतं, कारण आधी गुडघे दाखवायचे होते. गुडघे दाखवून झाले. लुगडं तसंच राहिलं. आता मनगटांची पाळी होती.

"नमस्कार करतात तसे. तळव्याला तळवा लाव."

तिनं हात उचलले. बोटं करंगळीच्या बाजूला कलंडलेली, मनगटं सुजलेली. बोटांची टोकं टेकली, तळवे टेकले नाहीत. मधे लिंबू मावेल एवढी फट राहिली. सांधे धरलेल्या माणसाची ही तपासणीच असते, तळवे जुळतात का ते बघायचं. सरांनी मुलांना ते इंग्रजीत नीट समजावून सांगितलं. शिकवायचे छान. मग मराठीत, जरा हसत, म्हणाले, "तसे या लोकांचे हात छप्पन सालापासून जुळतच नाहीत म्हणा."

हॉल हसला. सगळा नाही. वरच्या बाकांवरची काही पोरं खाली मान घालून वहीत बघत राहिली, ती कोण असतील ते मला कळलं. बाकीचे हसले.

मी चित्रं दाखवायच्या यंत्रापाशी उभी होते. पांढरा कोट, हातात सरांच्या काचपट्ट्यांचा डबा. सरांनी माझ्याकडे बघितलं. साहेब विनोद करतात तेव्हा नोकरमाणूस हसतं की नाही ते बघतात, तसं. आणि मीही हसले. आवाज नाही झाला. ओठ फाकले नुसते. पण हसले.

स्टुलावरची बाई माझी आई होती.

हे मी आजवर कोणाला पूर्ण सांगितलं नाही. सांगताना मधलं काहीतरी गाळत आले. आज काही गाळायचं नाही.

आई मूळची सावनेरकडची. लग्न होऊन नागपुरात आली, मिलच्या मागच्या वस्तीत. बाप मिलमध्ये होता. मी दहा वर्षांची असताना छातीच्या दुखण्यानं गेला. त्यानंतर आईच्या दहा बोटांवर घर चाललं. ती बिड्या वळायची. तेंदूचं पान भिजवायचं, पत्र्याच्या मापानं कातरायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. मांडीवर सूप, सुपात सगळा कारखाना. आई माझ्याशी बोलत असायची, नजर माझ्यावर असायची आणि बोटं खाली आपली आपण चालत असायची. त्या बोटांवर मी मॅट्रिक झाले, सायन्स घेऊन दोन वर्षं कॉलेज केलं.

छप्पन साली मी सहा वर्षांची होते. दीक्षेच्या मैदानावर आईनं मला कडेवर घेतलं होतं. मला आठवतात ती पांढरी लुगडी आणि पायाखालची धूळ. घरी येताना आई म्हणाली होती, आता हात जोडायचे ते बुद्धाला आणि बाबासाहेबाला. मालगुजाराला नाही, सावकाराला नाही, कोणाच्या ओसरीखाली उभं राहून नाही. हे ती पुढेही म्हणायची, भांडण झालं की जास्त. हे सरांना माहीत असायचं कारण नव्हतं. पण बाण नेमका तिथंच लागला.

सत्तर साल उलटून गेलं होतं. विद्यापीठाच्या मोठ्या दवाखान्यात सांध्यांच्या आजारावर संशोधन करणारा एक गट निघाला. त्यात लॅबमधली मदतनीस म्हणून मला नोकरी लागली. वस्तीत साखर वाटली. गटात मोठे सर, दोन तरुण डॉक्टर, एक नर्स आणि मी. दर गुरुवारी पेशंट यायचे. लोक त्याला बोटंवाला दवाखाना म्हणायचे.

कामाची एक रीत होती आणि ती मला आवडायची, हे खोटं कशाला बोलू. आधी सोनाराकडे असतो तसला अंगठ्यांचा जुडगा घेऊन प्रत्येक बोटाच्या सांध्याचं माप घ्यायचं. सूज वाढली की अंगठी मोठी लागते. मग रक्तदाबाच्या यंत्राची पट्टी गुंडाळून पेशंटच्या मुठीत द्यायची आणि दाब म्हणायचं. पारा किती चढतो ते लिहायचं. मग रक्त. उभ्या काचनळीत रक्त तासाभरात किती खाली बसतं ते बघायचं. त्यासाठी माझ्या टेबलावर गजराचं घड्याळ असायचं. आणि शेवटी एक प्रश्न: सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली राहतात? उत्तर मिनिटांत.

हा शेवटचा प्रश्न माझ्याकडे होता. कारण सरांना पेशंटचं बोलणं उमगायचं नाही. सर पुण्याकडे शिकून, पुढे विलायतेत राहून आलेले. बाया म्हणायच्या, 'हाडं ठणकून राहिले', 'बोटं लाकूड होऊन जाते', 'कळ निघते अन् जाते'. सर माझ्याकडे बघायचे. मी त्याचं शुद्ध मराठी करायची, अर्धंमुर्धं इंग्रजी करायची. मला तेव्हा फार मोठं वाटायचं. दोन्हीकडचं कळणारी मी एकटी होते ना.

आईचे सांधे धरले ते मी नोकरीला लागण्याच्या आधीच. पहिल्यांदा दोरा बांधता येईना. मग कात्री धरता येईना. मग वेणीचा पेड. गटाकडे एक इंजेक्शन होतं, त्यात सोन्याचा क्षार असतो. दर आठवड्याला एक, महिने न् महिने. बाहेर मिळणं आमच्या आवाक्यात नव्हतं. गटाच्या यादीत नाव असलेल्यांनाच ते फुकट मिळायचं. आणि मला कामावर घेतानाच सरांनी सांगून ठेवलं होतं: आपल्या नात्यातलं कोणी यादीत घुसवायचं नाही. मापात लबाडी होते.

मी घुसवलं.

सोपं होतं. आई साध्या रांगेत उभी राहिली. खिडकीवरच्या कारकुनानं नाव विचारलं, ती म्हणाली केसरबाई. त्यानं वस्तीचं नाव लिहिलं आणि कार्ड दिलं. आडनाव विचारलंच नाही. आमच्या वस्तीतल्या बायांना आडनाव असतं हे त्याच्या डोक्यात आलं नसावं. तेच माझ्या पथ्यावर पडलं. तरुण डॉक्टरनं तिचे हात बघितले आणि लगेच यादीत घेतलं. अशी बोटं पुस्तकात असतात, असं तो म्हणाला.

त्या दिवसापासून दवाखान्यात आई मला बाई म्हणू लागली. "बाई, हात पुढं करू काय?" मी तिला म्हणायची, "सरळ बसा, मावशी." घरी आली की तिला हसू आवरायचं नाही. शेजारणीला सांगायची, "तिथली बाई लय कडक हाय वं. मले डोळे दाखवून राहिली होती." अंगठ्यांनी माप घेताना एकदा भर गुरुवारी मला म्हणाली, "बाई, माप तं दर खेपेला घेता, दागिना कधी देता?" नर्ससुद्धा हसली. अंगावर गुंजभर सोनं नसलेली माझी आई, तिला वस्तीतल्या बाया सोनेरी केसर म्हणायला लागल्या.

आणि गुण आला. चौथा-पाचवा महिना असेल. मी कामावरून आले तर आई चुलीपाशी बसलेली, मांडीवर सूप. सुपात एक बिडी. वाकडी, सैल, दोरा दोनदा गुंडाळलेला. मला दाखवली. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. ती बिडी तिनं कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवली.

आता भोंग्याचं सांगते.

आमच्या वस्तीत घड्याळ कोणाकडे नव्हतं. मी पहिल्या पगारात मनगटी घड्याळ घेतलं होतं, तेवढंच. वस्तीची सकाळ मिलच्या भोंग्यावर व्हायची. पहिला भोंगा झाला की बाया उठायच्या. मग नळ यायचा, नळ जायचा. मग पोरांच्या शाळेची घंटा. आमच्या वस्तीतल्या सात बाया गटाच्या यादीत होत्या, सगळ्या बिडीवाल्या, आई धरून. बोटं किती वेळ आखडतात असं विचारलं की कोणी म्हणायची, 'भोंग्यापासून शाळेची घंटा होईपर्यंत'. कोणी म्हणायची, 'भोंग्यापासून नळ जाईपर्यंत'. आई पहिल्यांदा घंटेवर होती. इंजेक्शनं सुरू झाल्यावर हळूहळू नळावर आली. शेवट वेगळा असायचा, सुरुवात सगळ्यांची एकच.

मी घरी घड्याळ लावून सगळं मोजलं होतं. भोंगा किती वाजता, नळ किती वाजता जातो, घंटा कधी. वहीच्या मागच्या पानावर कोष्टक केलं होतं. बाया बोलायच्या, मी कोष्टक बघून मिनिटं लिहायची. फक्त मिनिटं. त्यांचं बोलणं लिहायची नाही. ते लिहायची लाज वाटायची. सरांच्या स्वच्छ तक्त्यात 'नळ जाईपर्यंत' असं कसं लिहायचं? ती माझी पहिली चूक. तिथंच सगळं बुडालं.

थंडीच्या सुरुवातीला मिलनं पाळ्यांची वेळ बदलली. पहिला भोंगा अर्ध्या तासानं उशिरा व्हायला लागला. नळ तोच, घंटा तीच. त्या गुरुवारी बायांनी उत्तर तेच दिलं, शब्दाला शब्द. मी प्रामाणिकपणे कोष्टक बदललं आणि अर्धा तास कमी करून लिहिलं. बायांचं बोलणं तेच होतं, आकडा बदलला.

पुढच्या सोमवारी सरांनी मला बोलावलं. तक्ता समोर पसरलेला. त्यांनी पेन्सिलनं दाखवलं. एकाच आठवड्यात, एकाच वस्तीतल्या सातही बायांचं आखडणं बरोबर अर्ध्या तासानं कमी. बाकी कोणाचं नाही. असं कुठलंच औषध करत नाही, ते म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. पुढे म्हणाले, या बाया घरून ठरवून येतात. एक सांगते, बाकीच्या पोपटासारख्या बोलतात.

मी म्हणाले, "सर, मिलचा भोंगा बदलला."

सरांनी मान वर केली. "तुला कसं माहीत?"

हा प्रश्न मी गेली कित्येक वर्षं ऐकते आहे. चहा गाळताना ऐकते, रस्त्यानं जाताना ऐकते. तुला कसं माहीत. उत्तर तोंडात होतं. मी त्याच वस्तीत राहते, सर. माझा बाप त्या मिलमध्ये होता. त्या सातातली एक माझी आई आहे आणि मी तिच्या शेजारी झोपते. भोंगा झाला की ती बोटं उघडायला बघते, ती उघडत नाहीत, मग ती ती बोटं माझ्या पाठीखाली उबेला घालते. म्हणून माहीत.

मी म्हणाले, "येता-जाता ऐकलं."

"येता-जाता ऐकलेल्यावर संशोधन होत नाही," सर म्हणाले.

मी बदललेलं कोष्टक त्यांना दाखवलं. त्यांनी वही मिटली. भोंग्यावरून वेळ सांगणाऱ्या बायांची साक्ष आपल्याला चालणार नाही म्हणाले. सातही कार्डांवर त्यांनी लाल शाईनं इंग्रजीत एक शब्द लिहिला. त्याचा अर्थ, भरवशाची नाही. आणि सातही नावं यादीतून काढली. कार्डं फायलीत लावायचं काम माझं. मी ती लावली. आईचं कार्ड चौथं होतं.

बायांना मी सांगितलं, इंजेक्शन संपलं. आईलाही तेच सांगितलं. तिनं गुरुवारी रांग बघितली.

"मंग त्या बाकीच्यायले काय टोचून राहिले?"

तेव्हा सांगावं लागलं. भात निवला. मग ती म्हणाली, "म्हंजे माहं बोलणं खोटं धरलं."

"हो."

"माहे बोटं तं खोटे नाही ना वं."

जेवण तसंच राहिलं.

दोन महिन्यांत बोटं परत मिटली. डबीतली बिडी तिनं परत कधी बाहेर काढली नाही. मी तिला भरवायला लागले. तिला ते आवडायचं नाही. घास तोंडाजवळ नेला की ती नजर दुसरीकडे करायची. मी रोज पांढरा कोट घालून त्याच दवाखान्यात जात होते, दुसऱ्यांच्या बोटांत अंगठ्या घालत होते आणि येताना रिकामी परत येत होते. नोकरी सोडता येत नव्हती, हे एक कारण. पण सगळं कारण तेवढंच नव्हतं. मला तिथं बाई म्हणायचे. वस्तीबाहेर मला कोणी मान देत होतं तर ते तिथंच. तो मान सोडायचं जिवावर येत होतं. हेही खरं आहे.

मग सरांचं वार्षिक व्याख्यान आलं. त्यांना हात हवे होते. मला म्हणाले, "ती बिडीवाली, केसर का कोण, तिला बोलाव. तसे हात दुसरे नाहीत आपल्याकडे. येऊ दे, मग इंजेक्शनचं पुढचं बघू."

तिच्या तोंडावर भरवसा नाही, हातांवर आहे. हे मला तिथंच कळायला हवं होतं. पण मला फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं. पुढचं बघू. तेवढ्यावर मी घरी पळत गेले. आई म्हणाली, इतक्या पोरांसमोर बसायचं? मी म्हणाले, थोडा वेळच, आणि मी तिथं असेन. ती म्हणाली, "तू म्हणते तं येतो."

म्हणून ती त्या स्टुलावर होती. माझ्या शब्दावर.

हसणं थांबलं. आईचे हात अजून तसेच वर होते, कारण खाली घे असं कोणी म्हटलं नव्हतं. पदर खांद्यावरून घसरून कोपरावर आला होता. तिला तो वर घेता येत नव्हता. तिनं हॉलकडे बघितलं नाही, सरांकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. मी हसलेलं तिनं बघितलं होतं. ते ओठ माझे अजून पूर्ण मिटले नव्हते. तिच्या तोंडावर राग आला असता तर बरं झालं असतं. तिनं फक्त हळू, दवाखान्यातल्या आवाजात म्हटलं, "बाई, माहा पदर घ्या जरा."

इंजेक्शन बंद होऊन कितीतरी दिवस झाले होते. आता वाचवायचं काही नव्हतं. तरी ती मला सांभाळत होती. एवढं सगळं होऊन तिनं मला बाईच म्हटलं.

मी काचपट्ट्यांचा डबा खाली ठेवला. मंचावर गेले. आधी लुगडं गुडघ्यांखाली ओढलं. मग पदर खांद्यावर घेतला, डोक्यावरून नीट केला. तिचे हात धरून खाली मांडीवर ठेवले. मग सरांना म्हणाले, "सर, ही माझी आई आहे."

बाकांवरची पोरं पुढे वाकली.

मी बोलत गेले. मी म्हणाले की आमच्या वस्तीत घड्याळ नाही, भोंगा आहे. भोंगा अर्ध्या तासानं पुढे गेला, म्हणून आकडा अर्ध्या तासानं कमी झाला. कोणत्याही बाईनं खोटं सांगितलं नाही. मिलच्या फाटकावर पाळ्यांची वेळ लिहिलेली आहे, कोणीही जाऊन बघावं. आणि हिचे हात छप्पन सालापासून नाही, पाच वर्षांपासून जुळत नाहीत. मधे तुमच्याच औषधानं जुळत आले होते. तुम्ही ते थांबवलं.

सर चिडले नाहीत. आवाज चढवला नाही. खडू टेबलावर ठेवला, बोटं झटकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हणजे तू दीड वर्ष माझ्याशी खोटं बोललीस. मग या लोकांच्या साक्षीवर भरवसा ठेवता येत नाही, हे माझं म्हणणं खरंच ठरलं की."

मी खोटं बोलले होते, ते खरंच. सात बायांचं खरं मी एका खोट्यात गुंडाळून सरांच्या हातात दिलं होतं. ज्या दिवशी त्यांनी विचारलं तुला कसं माहीत, त्या दिवशी मी म्हणाले असते की ती माझी आई आहे, तर माझी नोकरी गेली असती, आईचं नाव गेलं असतं. पण बाकीच्या सहा जणी कदाचित राहिल्या असत्या. आता कोणीच राहिलं नाही. माझं खरं फार उशिरा आलं आणि सरांच्याच कामाला आलं.

मी कोट काढला. मंचावरच्या टेबलावर ठेवला. आईला उठवलं. तिचं चालणं हळू. मंचापासून दारापर्यंत किती वेळ लागला, मला मिनिटं सांगता येणार नाहीत. वरच्या बाकांवरच्या त्या खाली मान घातलेल्यांपैकी एक पोरगा खाली उतरला आणि त्यानं दार धरलं. त्याला अजून तिथंच शिकायचं होतं.

सायकलरिक्षात आई माझ्या शेजारी बसली होती. तिचे हात मांडीवर उपडे. पुलाच्या पुढे आल्यावर तिनं विचारलं, "टोचणं बंद झालं, त्या दिशीच खेळ सरला होता ना पोरी. मंग इतले दिवस काहून लपून राहिली?"

मी सांगितलं, मला लाज वाटत होती.

"माही?"

मी हो म्हणाले. आयुष्यात तिला दिलेलं सगळ्यात खरं उत्तर ते. वस्ती आली, रिक्षा थांबली, मी तिला उतरवलं. त्या दिवसानंतर तिनं मला घरीसुद्धा कधी ती बाईची थट्टा करून दाखवली नाही.

त्या सहा घरांत मी स्वतः गेले. काय झालं ते सांगितलं, माझ्या चुकीसकट. दोघींनी मला आत घेतलं. एकीनं दारातूनच ऐकलं आणि दार लावून घेतलं. तिचं बरोबर होतं.

आई त्यानंतर सात वर्षं जगली. शेवटी नुसती बोटं नाही, मान, जबडा, सगळं धरलं. गेली तेव्हा बायांनी तिला आंघोळ घातली, पांढरं लुगडं नेसवलं. कोणीतरी म्हणालं, हात जोडून ठेवू या छातीवर. त्यांनी प्रयत्न केला. बोटं उघडेनात. ओढायला लागल्या तेव्हा मी थांबवलं. म्हटलं, राहू द्या. तिचे हात आहेत तसे जाऊ द्या. ती बिडीची डबी मी तिच्या उशाशी ठेवली नाही, माझ्याजवळ ठेवली आहे.

मी आता एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळते. संध्याकाळी वस्तीत बसते. बाया येतात, दुखणं सांगतात, मी वहीत लिहून देते. मग ते कागद घेऊन त्या दवाखान्यात जातात, बरेचदा मीही जाते. मागच्या महिन्यात एक नवीन डॉक्टर फॉर्मचा गठ्ठा घेऊन वस्तीत आला होता. तरुण, भला वाटला. माझी वही चाळून म्हणाला, ताई, हे 'भोंग्यापासून नळ जाईपर्यंत' वगैरे नको, तुम्ही समजून मिनिटं टाका ना, तुम्हाला माहीत आहे.

मी वही त्याच्या हातातून घेतली.

त्याला सांगितलं ते इथंही लिहून ठेवते. मी केसरबाईची मुलगी, याच वस्तीतली. हे मी आता आधी सांगते, कोणी विचारायच्या आत. माझ्या आईच्या बोलण्याची मिनिटं मी एकदा केली आहेत. परत करणार नाही. बाई बोलेल तसं लिहीन, तिच्या नावासह आणि आडनावासह. ज्याला वेळ समजून घ्यायची असेल त्यानं पहाटे इथं यावं, भोंग्यापासून नळ जाईपर्यंत बसावं, आणि आपल्या घड्याळाकडे स्वतः बघावं.